रेघबाबा आणि मांजरीची आयुष्यरेषा

लाकडाच्या वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली माना उंचावून करवतीभोवती उभी होती आणि मधोमध रेघबाबा डोळे मिटून बसला होता. त्याचा चमत्कार सुटसुटीत होता. बाबा आपल्या पोत्यांतून दोन कुजके ठोकळे काढणार, भक्ताने त्यांना बोट लावायचं, मग बाबा ते ओल्या गोणपाटात एकत्र बांधून ठेवणार. काही आठवड्यांनी जोडी कापली की आत काळी रेघ. ती आयुष्यरेषा. रेघ नसली तर भक्ताची श्रद्धा कच्ची.

करवत थांबली. वखारवाल्या अप्पांच्या जोडीत शाईने ओढावी तशी रेघ होती.

"हृदय ठणठणीत," बाबा म्हणाला. "आजपासून गोळ्या बंद. गोळी घेतली की रेघ पुसली."

वखारवाल्याने गोळ्यांची पट्टी खिशातून काढून बाबापुढे ठेवली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी त्याची लेक ते बघत होती. जन्मभर कुजकं लाकूड जळणात ढकलणारा हा माणूस आता त्याच कुजक्या लाकडाच्या भरवशावर जीव सोडायला निघाला होता. तिला संताप आला आणि भीतीही वाटली.

"महाराज, माझ्याही दोन जोड्या आहेत," ती पुढे होऊन म्हणाली. "तुमच्याच पोत्यांतले ठोकळे. अप्पांची जोडी बांधून तुम्ही घोरायला लागलात, तेव्हा घेतले आणि तसेच बांधून ठेवले."

"न विचारता?"

"भक्तीला परवानगी कसली?"

लोक हसले. करवतवाल्या काकांनी पहिली जोडी कापली. रेघ अगदी ठसठशीत निघाली.

"वा! शतायुषी जीव," बाबा घाईघाईने म्हणाला. "कुणाची ही?"

"वखारीतल्या मांजरीची. पंजा लावून घेतला होता."

"ती तर परवा टेम्पोखाली गेली," वखारवाला हळूच म्हणाला. त्यानेच तिला मागच्या अंगणात पुरलं होतं.

दुसरी जोडी कापली. कोरी.

"ही तुमची, महाराज. झोपेत तुमचंच बोट लावलं. श्रद्धा कच्ची निघाली की हो."

बाबाने विषय आकाशाकडे नेला, पण लोकांना आता जमिनीवरचं ऐकायचं होतं.

"दोन पोत्यांत दोन निरनिराळ्या बुरश्या वाढवल्यात," लेक सांगू लागली. "परकी बुरशी शेजारी आली की दोघी लाकडातच काळी भिंत घालतात, आपण हद्दीवर घालतो तशी. दोन्ही ठोकळे एकाच पोत्यातले, म्हणजे एकाच बुरशीचे असले, तर भांडण नाही आणि भिंतही नाही. कोणाला कोणाशेजारी ठेवलं, एवढाच काय तो चमत्कार. पाया पडणाऱ्याला दोन पोत्यांतला एकेक, शंका काढणाऱ्याला दोन्ही एकाच पोत्यातले."

"म्हणजे माझी श्रद्धा बरी होती," कोपऱ्यातून एक काकू पुटपुटल्या. "उगाच महिनाभर रडले."

"अप्पा, बुरशीला तुमचं हृदय माहीत नाही. ते डॉक्टरांना माहीत आहे. आणि कुणीही चमत्कार दाखवला की निदान एवढं तरी विचारा: ठोकळे निवडले कुणी?"

वखारवाल्याने मांजरीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने बाबापुढची पट्टी उचलली, बाबाच्याच पेल्यातलं पाणी घेतलं आणि गोळी गिळली.

"ती दोन्ही पोती जळणात टाका," तो काकांना म्हणाला.