काळी दोनचा पंखा

अनिताचा कॉम्प्युटर खरखर करून मधेच बंद पडायला लागला, तेव्हा घरात दोन तट पडले. पुण्याहून लेक स्मृती फोनवर म्हणाली, "आई, ते धूड भंगारात दे आणि लॅपटॉप घे." नवरा जयतीर्थ म्हणाला, "सुम्ने, उगाच नवीन कशाला? दुरुस्त होतंय की." आणि जिचा कॉम्प्युटर, ती अनिता दोन्हीला नको म्हणाली. दुरुस्त करायचा नाही, बदलायचाही नाही, मग काय त्याची पूजा घालायची? पण कारण विचारलं की ती संध्याकाळी भाजी कोणती करू, असं विचारून मोकळी व्हायची.

कारण सांगायचं, तर गाण्याचं सांगावं लागलं असतं.

अनिता एके काळी पेटीच्या काळी पाच पट्टीत गायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज जो खाली उतरून बसला तो वर यायचं नाव घेईना. हुबळी-धारवाडात बेसूर व्हायची सोय नाही, इथं दूधवालासुद्धा पातेलं भरता भरता कान देऊन ऐकतो. शेजारच्या गोदूबाई तर प्रेमानंच म्हणाल्या होत्या, "आता भजनाला मागं बसत जा गं, दमू नकोस." त्या दिवशी घरी येऊन तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली. पुढं कैक वर्षं ती निघाली नाही.

वेळ जावा म्हणून तिनं वकिलांची कामं घेतली. जुनी मराठी खरेदीखतं वाचायची आणि कन्नडमध्ये टाइप करायची. जेवणं झाली की जयतीर्थ पेपर घेऊन बाहेर पायरीवर जाई, जाताना दार ओढून घेई. उणकलच्या तळ्यावरचा वारा येई, पडदा फुगे आणि कॉम्प्युटरच्या आतला पंखा घुमायला लागे. एका दुपारी, डोळे मिटत असताना, अनिताच्या ध्यानात आलं की पंखा काळी दोनमध्ये आहे. तिचा आवाज उतरून जिथं बसला होता, नेमका तिथंच.

तिनं समोरच्या कागदावरचीच, शेताच्या सीमांची ओळ त्या सुरात उचलली. पूर्वेस ओढा. पश्चिमेस आंब्याची रांग. हळूहळू, एकेका अक्षरावर मुक्काम करत. ओढा वाहायला लागे, आंब्यांची सावली टेबलावरून सरकत तिच्या हातांवर येई, आणि कधीच मरून गेलेल्या माणसांच्या शेतांच्या बांधावरून ती निवांत चालत राही. जाग आल्यासारखी भानावर यायची तेव्हा चहाची वेळ झालेली असे आणि टायपिंग तिथंच. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लेकीनं एकदा तिच्या फोनमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप घालून दिलं होतं, पण तंबोरा लावला म्हणजे गायला बसलं, आणि गायला बसलं म्हणजे नीट गायला हवं. पंखा कुणाच्या गाण्यासाठी घुमत नव्हता. त्याच्यापुढं ती नुसती टायपिंग करत होती.

शेवटी जयतीर्थनं हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मंजुनाथला बोलावलं. त्यानं डबा उघडला, धूळ झटकली.

"अक्का, आतला फ्यान गेलाय. दुसरा घालतो, मग आवाजच येत नाही बघा," तो अभिमानानं म्हणाला. "आणि नवीन लॅपटॉप घेतलात तर मग बोलायलाच नको."

म्हणजे दुरुस्ती करा नाहीतर नवीन घ्या, आवाज जाणारच होता.

"आहे हाच फ्यान ठेवला तर?" जयतीर्थनं विचारलं. "थोडं तेल घालून?"

"चार दिवस चालंल, सर. मग बंदच पडतंय."

"चालू दे की चार दिवस."

काय चिकट माणूस आहे, असं अनिताला वाटलं. पण त्या चिकटपणावर ती खूश झाली.

तेल पडल्यावर पंखा किंचित खाली उतरला, तीही त्याच्याबरोबर उतरली. निघालेल्या पाहुण्याला आग्रहानं वाढावं तशी ती त्या दुपारी गायली. मग एकदा 'पश्चिमेस'वर असताना जळका वास आला आणि पंखा थांबला. खोलीत तिचा एकटीचा आवाज उरला. तिला त्याची भीती वाटली आणि तिनं तोंड मिटलं.

लॅपटॉप आला. देखणा, बारीक आणि मुका. त्यावर काम भराभर होऊ लागलं. ओढा कागदावरच राहिला, आंबेही. तिला पोरकं वाटत होतं, आणि एका पंख्यापायी पोरकं वाटावं याची लाजही वाटत होती. जयतीर्थ पेपर घेऊन पायरीवर जात राहिला, पण थोड्या वेळानं तसाच परत येई आणि उगाच पाणी पिऊन जाई.

एका दुपारी दाराबाहेरून घूं असा आवाज आला. भुंगा असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. आवाज थांबला, खाकरला आणि पुन्हा सुरू झाला. काळी दोनच्या आसपास होता, पण पेटीवर नसलेल्या पट्टीतही जाऊन येत होता.

तिनं दार उघडलं. जयतीर्थ पायरीवर डोळे मिटून बसला होता, पेपर मांडीवर घडी करून, आणि तोंड बंद ठेवून घुमत होता. जन्मात कधी ज्याला आरती सुरात म्हणता आली नाही, तो.

"अहो, हे काय चाललंय?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "फ्यान," तो म्हणाला. "तू टायपिंग कर, जा."

आधी तिला राग आला. म्हणजे इतकी वर्षं हा रोज इथं बसून ऐकत होता, आणि एका शब्दानं बोलला नाही. मग तिला कळलं, तो एका शब्दानं जरी बोलला असता, तरी तिनं पंख्यालाही गवसणी घातली असती. तिचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि दार तेवढं उघडंच ठेवलं.

लॅपटॉपवरचं खरेदीखत अर्ध्यावर होतं. बाहेर पंखा घसरला होता, त्याला जागा सापडत नव्हती. अनितानं सा लावला आणि धरून ठेवला. चाचपडत चाचपडत तो वर आला, तिच्या सुराला टेकला आणि तिथंच राहिला.

"पूर्वेस ओढा," अनितानं सुरुवात केली.