नाव नंतर कळवू

मी एक जुना सदरा आहे, मित्रांनो. बेसबॉलचा. अंगावर निळ्या रेघा, छातीवर 'हेरन्स' हे आमच्या संघाचं नाव आणि पाठीवर संघाचा लाडका खेळाडू डिलन रस्क याचं. शिलाईच्या यंत्राखालून निघालो तेव्हाच मला कळलं, की माझा अर्धा मान माझा नाही, त्या नावाचा आहे. मी वाईट वाटून घेतलं नाही.

मला घेतलं बर्निस कोवाल्स्कीनं. ती ओहायोतल्या आमच्या गावात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवते आणि उन्हाळ्यात हेरन्सच्या नावानं ओरडून घसा बसवून घेते. रस्कनं चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला की अनोळखी माणसंसुद्धा माझ्या पाठीवर थाप मारायची. ते दिवस सोन्याचे होते, खोटं कशाला बोलू?

हंगाम संपला की खेळ थांबतो, आशा थांबत नाही. कोण येणार, कोण जाणार, यंदा तरी करंडक मिळणार का, याच गप्पांवर आमचं गाव थंडी काढतं. त्या डिसेंबरात संघानं रस्कलाच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात काय? तर 'एक खेळाडू, नाव नंतर कळवू'. या खेळात असले सौदे सर्रास होतात, पण या वेळी गावाचं डोकं फिरलं. मैदानाच्या फाटकाबाहेर पिंपात आग पेटवून लोक रस्कच्या नावाचे सदरे त्यात टाकू लागले. माझे किती सोबती तिथं गेले! त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

बर्निसचा भाऊ अर्नी मलाही काखोटीला मारून निघालाच होता.

"ठेव तो खाली," बर्निस म्हणाली.

"अगं, रस्क गेला. आता त्याचं नाव घेऊन मिरवणार का?"

"तो गेला नाही, त्याला पाठवलं. आणि सदरा माझा आहे. जाळायचा की घालायचा, ते मी ठरवीन."

संघातून गेलेल्याच्या नावावर चिकटपट्टी लावून नवं नाव लिहायची आमच्याकडे रीतच आहे. बर्निसनं पांढरी पट्टी लावली आणि जाड पेनानं लिहिलं, 'नाव नंतर कळवू'.

अर्नी हसता हसता खोकायला लागला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कळवू म्हणालेत ना? मग मी वाट बघते. आधी कोण थकतं ते पाहू."

सगळा हिवाळा तिनं मला जाड कोटावर चढवून गाडी चालवली. दुकानात, पेट्रोल पंपावर लोक टोमणे मारायचे. संघाच्या कचेरीसमोरचा बर्फ मात्र ती मुद्दाम गाडीतून उतरून फावड्यानं सावकाश काढायची, खिडकीतून सगळ्यांना माझी पाठ दिसावी म्हणून. आधी मला लाज वाटली. मग माझ्याही अंगात जिद्द शिरली.

मार्चमध्ये नाव कळलं. एलिसेओ माटोस. वय चौतीस, गुडघे कुरकुरणारे, उभी कारकीर्द लहान गावांच्या संघांत गेलेली. गावानं कपाळावर हात मारला.

"यापेक्षा आधीचीच पट्टी बरी होती," अर्नी म्हणाला.

बर्निसनं जुनी पट्टी सोलून काढली. तिलाही वाईट वाटलं होतं, मला ठाऊक आहे. मग तिनं नवी पट्टी लावली आणि एकेक अक्षर ताडून पाहत नाव लिहिलं.

"आता तो आपला आहे," एवढंच ती म्हणाली.

एप्रिलात पहिल्या सामन्याआधी ती मैदानाच्या कठड्याकडे पाठ करून उभी होती. मागून आवाज आला, "मॅडम, हे माझं नाव आहे." माटोस होता.

"मग? लिहिताना काही चुकलंय का?"

"नाही, बरोबर आहे." तो म्हणाला. "इतकी वर्षं खेळतोय, पण माझं नाव कुणाच्या पाठीवर कधी पाहिलं नव्हतं. फोटो काढू का? आईला पाठवतो. तिला खरं वाटायचं नाही."

"काढ बाबा. पण नीट खेळ, नाहीतर पट्टी ओरबाडून काढीन," बर्निस म्हणाली, आणि पुन्हा त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

पट्टीची एक कड सुटली होती. माटोसनं ती अंगठ्यानं दाबून बसवली.

त्या दिवशी हेरन्स हरले आणि माटोसला एकही चेंडू धड मारता आला नाही. तरी सांगतो, मित्रांनो, आवडतं माणूस गेलं म्हणून रागाच्या भरात काही जाळून टाकू नका. येणाऱ्यालाही आपलं नाव कुणीतरी लिहिलेलं दिसावं लागतं. उद्या पुन्हा सामना आहे, आणि आम्ही जाणार आहोत.