अर्ध्या वाटेवरची थैली

मी एकदा एक व्रत घेतलं होतं. बाळ निघायच्या आत त्याची शिदोरी पुरी बांधीन, असं. ते माझ्याकडून पुरं झालं नाही.

मी वारेतली, म्हणजे प्लासेंटातली, एक पेशी बोलतेय. माझ्या एका अंगाला आईचं रक्त, दुसऱ्या अंगाला बाळाचं. दोघांच्या मध्ये मी.

मला ना हात, ना तोंड. आहे ते एक पातळसं आवरण. आईचं रक्त कडेने जाऊ लागलं की ते मी आत वाकवायचे. हसताना गालाला पडते ना, तशी खळी पडायची. खळी खोल व्हायची, तिचं तोंड मिटायचं आणि घोटभर ऐवज घेऊन एक इवलीशी थैली आत सुटायची. त्यात आईची प्रतिपिंडं असत. लहानपणी तिला झालेल्या गोवराशी लढलेली, कुठल्याशा तापाशी लढलेली. वाटेत ती मोडू नयेत म्हणून मी घट्ट धरून ठेवायचे. थैली पलीकडे जाऊन बाळाच्या बाजूला उघडली, की मला कृतार्थ वाटे.

आई शिवणकाम करायची. मशीनची धडधड माझ्यापर्यंत यायची.

"अगं, पाय वर घेऊन बस जरा. मशीन काही पळून जात नाही," सासूबाई म्हणायच्या.

"मशीन नाही हो आई, गिऱ्हाईकं पळतात!"

दोघी हसायच्या. मीही निवांत होते. आमची रीतच तशी, खरी भरणी शेवटच्या दोन महिन्यांत. अजून वेळ आहे, असं मी म्हणत राहिले.

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मी भराभर खळ्या पाडू लागले. पण घाईने का कुठे शिदोरी भरते? शेवटची थैली अर्ध्या वाटेवर होती आणि नाळेला चिमटा लागला.

बाळ रडलं. बारीक, पण रडलं. देवाची कृपा.

आता वारेबरोबर मी दवाखान्यातल्या एका ट्रेमध्ये आहे. थैली अजून माझ्याजवळच आहे, द्यायला पलीकडे कुणी नाही. मी निवांत राहिले नसते तर, हे मनातून जात नाही.

दाराशी बाळाचा बाप धावत आला. सासूबाईंनी त्याला अडवलं.

"थांब! आधी हात धू. कोपरापर्यंत. बाळ आहे ते, मोबाईल नव्हे, आल्या आल्या उचलायला!"

"आई, नुसतं बोट लावतो."

"बोटसुद्धा नाही. हात धुतल्याशिवाय मी शिवणार नाही, कुणाला शिवूही देणार नाही. व्रतच समज माझं."

तो नळाकडे गेला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

बाई गं, दादा रे, तुम्हीही बाळ बघायला याल. त्याची शिदोरी अपुरी आहे, हातावरचे जंतूही त्याला झेपायचे नाहीत. माझ्याकडून राहिलं ते आता तुमच्या हातात आहे. त्या आजीमाउलीसारखं तुम्हीही एवढं व्रत घ्या.