गुंडी कार्डावर

लायब्ररीत सकाळी ग्रंथपाल ताई असायच्या आणि दुपारी मशीन. मशीनच्या फळीवर पुस्तक ठेवायचं, कार्ड दाखवायचं, की पुस्तक तुमच्या नावावर. नावावर न करता निघालात, तर बाहेरचं फाटक उघडायचं तर नाहीच, वर बोंब मारायचं. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून आगपेटीएवढी चिप चिकटवलेली असे. फाटकाला तेवढीच भाषा समजायची.

गुंडीच्या आईला हे मशीन अजिबात आवडत नसे. त्याला "दीड वर्षाच्या मुलीला चालेल का हो हे?" असं विचारता येत नाही आणि विचारलंच तर ते नुसतं "कार्ड दाखवा" म्हणतं. पण गुंडी सकाळी उठायचं नाव घ्यायची नाही. मग दुपारीच यावं लागे.

त्या दुपारी आईने आपली पुस्तकं नावावर केली, पिशवीत भरली, गुंडीला कडेवर घेतलं आणि फाटकाशी गेली. फाटक किंचाळलं. पिशवी एकटी पुढे सरकवली, फाटक गप्प. गुंडीला पुढे केलं, पुन्हा किंचाळलं.

ती धावत मुलांच्या कोपऱ्यात गेली. जमिनीवर कासवाचं पुस्तक उपडं पडलं होतं. कोपरा चघळलेला, आणि मागच्या पुठ्ठ्यावर चिपच्या जागी नुसता गोंदाचा चौकोन.

"गिळली!" आई ओरडली.

पेपर वाचत बसलेले विमेवाले काका दचकले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण कुणावर संकट आलेलं दिसलं की त्यांचा हात अजून आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा.

"काय गिळलं?"

"चिप! कासवाची!"

"कासवाला चिप असते?"

"पुस्तकातल्या कासवाची हो! पोटात गेली हिच्या!"

"अरेरे. पॉलिसी आहे का हिची?"

आईने गुंडीला "आ" करायला लावून तोंडात बोट फिरवलं. तोंडात चिप नव्हती, दात मात्र होते.

बोट झटकत तिने भिंतीवरचा फोन उचलला. तो थेट ताईंच्या घरी लागायचा.

"ताई, गुंडीने चिप गिळली."

"खोकतेय? रडतेय?"

"नाही. हसतेय."

"अगं, आगपेटीएवढी चिप गिळून कोण हसेल?"

"धक्क्याने हसत असेल, ताई. असं होतं. मी वाचलंय."

"तू वाचतेस तेच चुकतं. हे बघ, मशीन चिप ओळखतं ना? तिला फळीवर आडवी कर आणि हळूहळू सरकव. कुठे आहे ते तेच सांगेल."

मग काकांनी फोन धरला आणि आईने लेकीला कणकेच्या गोळ्यासारखं फळीवर ठेवलं. गुंडीला गुदगुल्या व्हायला लागल्या. पावलं फळीवरून गेली. मशीन गप्प. गुडघे गेले. गप्प. पोट आलं तेव्हा आईने श्वास रोखला. गप्प!

"पोट साफ आहे!" काकांनी फोनवर जाहीर केलं.

आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गुंडीला आणखी जरा सरकवलं. डोकं फळीवर येताच मशीन आनंदाने म्हणालं, "पाळीव कासव: निगा आणि आहार. कृपया कार्ड दाखवा."

"डोक्यात गेली!" आईने फतकल मारली.

"डोक्यात गेली म्हणतेय," काकांनी पुढे कळवलं.

"डोक्यावर काय आहे तिच्या ते विचारा!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

डोक्यावर टोपी होती. पिवळी, लोकरी, कान झाकणारी.

"मग काढ ना ती," काकांनी कळवताच ताई म्हणाल्या.

आई एक पाऊल मागे सरली. त्या टोपीला हात लावला की गुंडी घर डोक्यावर घ्यायची. मागे डॉक्टरांनी एकदा काढून बघितली, तेव्हा बाहेर बसलेले निम्मे पेशंट आपोआप बरे होऊन घरी गेले होते.

काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी "ये बाळा" म्हणत दोन बोटं पुढे केली. पुढच्याच क्षणी ते फोनसकट कपाटामागे होते आणि फाटकालाही लाजवेल असा आवाज लायब्ररीत घुमत होता.

"नका काढू!" ताई म्हणाल्या. "टोपीसकट मुलगी नावावर कर आणि घरी जा. सकाळी मी बघते."

आईने कार्ड दाखवलं. मशीन म्हणालं, "आपली मर्यादा संपली आहे."

"माझ्या कार्डावर घेतो," कपाटामागून काका म्हणाले.

"माझी मुलगी तुमच्या नावावर?"

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे!"

"आणि परत करायला विसरलात तर?"

"मी? मी आजवर कधी..."

"काका," फोनमधून आवाज आला, "तुमच्याकडची पुस्तकं कधी येणार आहेत?"

काकांनी फोन हळूच जागेवर ठेवून दिला.

आता एक पुस्तक परत केल्याशिवाय लेक घरी जाणार नव्हती. आईने पिशवी उलटी केली. तापाचं परत करावं, तर रात्री ताप भरेल. खोकल्याचं केलं तर खोकला येईल. पडण्या-झडण्याचं तर हातातून सोडायची सोयच नव्हती, गुंडी आत्ताच खुर्चीवर चढत होती. शेवटी उरलं जाडजूड 'निर्धास्त आई'. हे तिने कितीदा तरी नेलं होतं. पण पहिल्या प्रकरणापुढे जायची तिला भीती वाटे.

तिने ते परतीच्या खाचेत लोटलं आणि गुंडीचं डोकं फळीवर टेकवलं. मशीनने चिठ्ठी दिली. फाटक चकार शब्द न काढता उघडलं.

रात्री गुंडी झोपल्यावर आईने टोपी काढायचा प्रयत्न केला. गुंडीची पकड झोपेतही सुटली नाही.

सकाळी तिला तशीच पेंगती उचलून आई ताईंच्या टेबलापाशी उभी राहिली. ताईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा नीट केला आणि गुंडीपुढे आपला शिक्का ठेवला.

"शिक्का तुला, टोपी मला. बोल."

गुंडीने शिक्क्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने टोपी काढून दिली. कानाच्या पट्टीत आतून चिप चिकटलेली होती. ताईंनी ती सोडवून कासवाच्या पुस्तकाला लावली. तेवढ्यात गुंडीने टेबलावर, आईच्या ओढणीवर आणि रांगेतल्या काकांच्या मनगटावर 'परत आले' उमटवून टाकलं.

"ताई, दुपारीही बसा ना हो तुम्ही," आई म्हणाली.

"मला काय सांगतेस? वरच्यांचं म्हणणं, टेबलाशी आता राबताच नाही. सगळे मशीनकडे जातात. सकाळचंही बंद करायच्या बेतात आहेत."

या वेळी आईने घरी जाऊन त्यावरचं पुस्तक शोधलं नाही. त्या दिवसापासून ती रोज सकाळी पेंगणाऱ्या गुंडीला खांद्यावर टाकून येते आणि मशीन रिकामं असलं तरी टेबलापुढे उभी राहते. शेजारणींनाही तिने ओढून आणलं. एखादा नवखा मशीनकडे वळला की ती त्याची बाही धरते.

"तिकडे नका जाऊ हो," ती कळवळून सांगते, "तिकडे मुलं नावावर लागतात."

माणूस घाबरून रांगेत येतो. मागून काका विचारतात, "पॉलिसी आहे का तुमची?"