घडीव लोखंडाचे धागे

भांडुपला लवू मेस्त्रींच्या भट्टीवर पहारी आणि छिन्न्यांना धार लावायचं काम चालायचं. त्यामुळे आर्किटेक्ट शर्मिष्ठा गाडीतून सहा जुने गज घेऊन उतरली, तेव्हा लवूला वाटलं, बाई पत्ता चुकली.

"पार्ल्यातला एक जुना बंगला पाडला," ती म्हणाली. "हे त्याच्या खिडक्यांचे गज. शंभर वर्षांचे तरी असतील. नव्या बिल्डिंगच्या दाराला यांच्याच मुठी हव्यात. तीन ठिकाणी विचारलं, सगळे म्हणाले भंगारात द्या आणि नवीन घ्या."

"ठेवा," लवू म्हणाला. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला गज लाल केला, ऐरणीवर धरला आणि घण घातला. चौथ्या घावाला गज टोकाकडून उकलला. उसाच्या चिपाडासारखे धागे सुटे झाले. दुसऱ्या गजाचंही तेच.

"कुजलेला लोखंड," तो घरी येऊन पत्नीला, नलिनीला म्हणाला. "उद्या परत करतंय."

नलिनीने चहाचा कप बाजूला सारला आणि त्याने आणलेला, उकललेल्या टोकाचा तुकडा हातात घेतला. मुलुंडच्या एका मेटल टेस्टिंग लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती. लागली तेव्हा सॅम्पल धुवायची. निवृत्त झाली तेव्हा कुठल्या पोलादाला कुठलं ॲसिड किती मिनिटं, हे इंजिनिअर तिच्याकडून समजून घ्यायचे. चिपाडासारखं उकलणारं लोखंड तिने एकदाच पाहिलं होतं. गोदीतून आलेल्या जुन्या साखळीची कडी होती ती.

"थांबा हो जरा," ती म्हणाली.

तिने तुकडा कानशीने सपाट केला, पॉलिश पेपर बारीक करत करत आरसा होईतो घासला. मग हातमोजे, चष्मा चढवून गच्चीत गेली. काचेच्या भांड्यात आधी पाणी, त्यात बेताने ॲसिड, त्यात तुकडा. अर्ध्या तासाने बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुडवला, पुसला आणि खाली आणून लवूच्या पुढ्यात ठेवला.

लवू बघतच राहिला. राखाडी लोखंडावर बारीक काळ्या रेघा लांबवर धावत होत्या. फणसाच्या फळीवर असतात तशा.

"कुजलेलं नाही हे," नलिनी म्हणाली. "घडीव लोखंड आहे. पूर्वी लोखंडाचा गोळा तापवून, ठोकून ठोकून गज काढायचे. आतला मळ पुरता निघायचा नाही, त्याचे असे धागे व्हायचे. तुम्ही लाल असतानाच ठोकलंत, म्हणून ते सुटले. पांढरं होऊ द्या. मळ वितळला की लोखंडाचे पदर एकमेकांना धरतात."

"चाळीस वर्षां घण मारतंय मी. आता माका शिकवतंस?"

"हो. शिकवते."

सकाळी मात्र लवू भट्टीचा ब्लोअर पूर्ण जोरात सोडून बसला. नलिनीही गेली, स्टूल घेऊन. कालचा उकललेलाच गज लाल झाला, पिवळा झाला. लवूचा हात सांडशीकडे गेला.

"अजून नाही."

"जळात गो!"

"अजून."

गजावरून ठिणग्या उडायला लागल्या तशी ती म्हणाली, "आता." लवूने गज ओढला आणि घाव घातला. लोखंड लोण्यासारखं दबलं. दहा घाव, वीस घाव. कुठे चीर नाही. लवूच्या अंगात मग वारंच शिरलं. गज पुन्हा तापवून एक टोक शिकंज्यात धरलं, दुसरं सांडशीत, आणि पीळ घातला.

"पीळ कशाला?" नलिनीने विचारलं.

"तुझे ते धागे गोल फिरतले. बघ तर."

त्या दोन उकललेल्या गजांच्याच मुठी झाल्या; त्या पॉलिश करायला चार दिवस गेले. ॲसिडमध्ये नलिनीने त्या तीनदा बुडवल्या. घाईने एकदाच जोरकस ॲसिड द्यायला ती तयार नव्हती. शेवटी तेलाचा हात फिरवला तेव्हा काथ्याच्या दोरासारखे पीळदार धागे वर आले होते. लवूने मूठ उजेडात फिरवली, पुन्हा फिरवली. मग शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारून बोलावलं, त्याच्या शेजाऱ्यालाही.

पार्ल्यात नव्या बिल्डिंगचं दार उघडायच्या दिवशी दोघं नीटनेटके कपडे घालून गेले. जुन्या बंगल्यातच वाढलेले सोसायटीचे सेक्रेटरी भाऊ मूठ चाचपत म्हणाले, "वा! काय सुंदर नक्षी कोरलीय!"

"कोरलेली नाही," नलिनी म्हणाली. "ती लोखंडातच होती. तुमच्या जुन्या खिडकीत इतकी वर्षं."

"मग आम्हाला कशी दिसली नाही?"

"ह्या माझ्या बायलेचा काम," लवू दोन मजले ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "हिणा काढल्यान ती भायर. मी नुसतो ठोकलंय."

नलिनीला एरवी असं चारचौघांत कुणी कौतुक केलं की पदराशी चाळा करायची सवय. आज तिने तसं काही केलं नाही. लोक पाळीपाळीने मुठीवरून हात फिरवत होते, आणि ती एकेकाचं बोट धरून धागा कुठे सुरू होतो ते दाखवत होती.

"जिन्याचा कठडाही याच गजांचा करायचा का?" शर्मिष्ठाने विचारलं. "चार उरलेत ना?"

लवूने तोंड उघडलं होतं. नलिनी आधी बोलली.

"करू. पण दिवाळीच्या आत मागू नका. आणि भाऊ, या मुठीला ब्रासो लावून घासायचं नाही हं, धागे पुसले जातील. कुणी लावलेलं दिसलं, तर मी स्वतः येईन भांडायला."