सतराव्या खांबामागे

वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल युलानं जिभेला लावली आणि लिहिलं, 'शनिवार, तेवीस ऑगस्ट. चौथ्या खांबाशी मोठा नर. नवव्याशी गेल्या वर्षीची दोन पिल्लं. पुढे सतरापर्यंत काही नाही.' वही तिनं पत्र्याच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि त्यावर क्षणभर तळहात दाबून धरला.

"काय गं, यंदा मगरीचं घरटं नाही म्हणायचं का?" मागून क्लोव्हिसनं विचारलं. दलदलीची राखण त्याच्याकडे होती. खांद्यावर दोराचं वेटोळं, तोंडात काडी.

"दिसलं तर लिहिणार नाही का मी?"

"तू लिहिशीलच. नोएलीलाही नाही दिसलं. जूनमध्ये पाणी चढलं होतं, तेच नडलं असेल." त्यानं मान वर करून फाटकावरच्या फलकाकडे पाहिलं. "हा फोटो उन्हानं पार उडालाय बघ. ऑक्टोबरात नवा लावायचाय. तुझ्याकडे काही झकास असलं तर दे."

युलानं वर पाहिलं नाही. त्या फलकाखालून ती वर्षभर मान खाली घालूनच जात होती.

फलकावर मगरीच्या पाठीवर एका पायावर उभा राहिलेला बगळा होता आणि खाली ठळक अक्षरात तिच्या धाकट्या बहिणीचं नाव. नवरा गेल्यावर नोएली ह्यूस्टनहून गावी परत आली. पहिल्याच महिन्यात फोन वर धरून तिनं तो फोटो काढला, तोही दुसऱ्या हातात सँडविच असताना. युला अकरा वर्षं दर शनिवारी उजाडायच्या आत इथे येत होती. खांद्यावर तिपाई, पिशवीत हातभर लांब लेन्स, अंगावर डासांचं तेल. तिचा एकही फोटो फाटकापर्यंत पोहोचला नव्हता.

हे काही आजचं नव्हतं. बापाबरोबर झिंग्यांचे सापळे उचलायला दोघी जायच्या तेव्हाही असंच व्हायचं. युला पहाटेपासून चिखलात उभी राहून सापळ्यामागून सापळा उचलायची आणि दोन-चार झिंगे मोजायची. नोएली उशिरा उठून यायची, सहज एक सापळा ओढायची आणि तो तुडुंब निघायचा. बाप हसून म्हणायचा, "माझ्या टी-नोचा हात लागला की झालं!" टी-नो म्हणजे धाकटी नो. सहासष्टाव्या वर्षीही युलाच्या तोंडात बहिणीसाठी तेच नाव होतं आणि ते घेताना तिची जीभ अजून कडू व्हायची. मत्सर हा शब्द तिनं स्वतःसाठी कधी वापरला नसता. ती म्हणायची, मला फक्त न्याय हवा.

आणि न्याय तिला पाच जुलैला दिसला होता. फळ्यांच्या वाटेवरच्या सतराव्या खांबामागे, वाटेपासून दहा पावलांवर, गवताचा आणि चिखलाचा कमरेइतका उंच ढीग. त्याच्या पोटात अंडी. शेजारच्या पाण्यात आई. तिच्या नाकपुड्यांपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर युलानं नजरेनंच मोजलं. आठ इंच, म्हणजे मगर आठ फूट लांब. हा हिशेब तिला बापानं शिकवला होता आणि तो सहसा चुकत नसे.

वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम होता. घरटं दिसलं, तर त्याच दिवशी लिहावं. लिहिलं की क्लोव्हिस दोन खांब अलीकडे दोर बांधायचा आणि पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत पलीकडे कुणी जायचं नाही, युलानंही नाही. नियमाचं अक्षर युलाचंच होतं. "पाद्रीबाबापुढे एक वेळ खोटं बोला, पण वहीत नको," असं तिनंच कितीदा लोकांना सुनावलं होतं.

त्या दिवशी लिहायला तिनं वही उघडली, तर आधीच्या रविवारची नोंद नोएलीची होती. नोएली रविवारी प्रार्थनेनंतर यायची. 'एकोणतीस जून. सतरापर्यंत गेले. काही नाही. ऊन फार.' युलानं ती ओळ दोनदा वाचली. एवढा मोठा ढीग आणि हिला दिसला नाही! बगळ्याच्या वेळी नशीब होतं, डोळे नव्हते. तिला इतका आनंद झाला की पेन्सिल हातातच राहिली. पिल्लं बाहेर निघतील, आई त्यांना तोंडात धरून पाण्यात नेईल, आणि तो फोटो फक्त आपल्याकडे असेल. मग तिनंही खाली लिहिलं, 'काही नाही.'

पुढच्या प्रत्येक शनिवारी तिनं तेच लिहिलं. दर रविवारी नोएलीही तेच लिहीत राहिली आणि दर वेळी ते वाचून युलाला बरं वाटायचं. बाकी जिवाला घोर होताच. शनिवारी कुणी पोराबाळांना घेऊन आलं की ती सोळाव्या खांबाशी वाट अडवून उभी राहायची आणि पुढे गांधीलमाशांचं पोळं आहे म्हणून त्यांना परत पाठवायची. बाकीचे दिवस ती देवावर सोडून द्यायची.

तीस ऑगस्टच्या शनिवारी ती फाटकाशी पोहोचली, तेव्हा नोएली गाडीच्या टपाशी टेकून कॉफी पीत उभी होती.

"तू? आज?" युलाच्या हातातली तिपाई खडखडली.

"झोप लागेना. म्हटलं, चल, आज म्हातारीबरोबर जाऊ. कागदात गरम बूदँ सॉसेज आणलंय, खाणार?"

"मगरी बघायला आलीस की खायला?"

"दोन्ही. तू काय देवळात आल्यासारखं तोंड करून चालतेस गं! मगरींना वाटत असेल, आता ही शिकवणी घेणार."

परत पाठवायला कारण सापडेना. दोघी फळ्यांवरून निघाल्या. सायप्रसच्या फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबत होतं, पाण्यावर हिरवी साय धरली होती. चौथ्या खांबाशी मोठा नर ओंडक्यासारखा पडला होता. नोएलीनं त्याला हात केला. अंडी फुटण्याचा, पासष्टावा दिवस आज असावा असा युलाचा अंदाज होता, आणि नेमकी आज ही बया!

चौदाव्या खांबाशी नोएली थांबली.

"माझे गुडघे बोलायला लागले. तू हो पुढं, मी बसते इथं."

"बरं." युलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती इतक्या झपाट्यानं निघाली की मागून नोएलीचं हसू ऐकू आलं.

सतराव्या खांबापाशी तिला आवाज आला. ढिगाच्या आतून बारीक, तुटक, एकमेकांत मिसळणारे चित्कार. पिल्लं कवचातूनच आईला हाका मारत होती. पाण्यात आई दिसत नव्हती. वाटेवरून ढिगाचा अर्धा भाग गवताआड जात होता. युलानं इकडेतिकडे पाहिलं, कठड्याखालून वाकली आणि चिखलात उतरली. अकरा वर्षांत फळ्यांची वाट तिनं कधी सोडली नव्हती. उजवीकडे, बुटक्या ताडांच्या बाजूनं पुढे गेलं तर सगळं नीट दिसणार होतं. एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"युला." आवाज मागून आला, अगदी खालच्या पट्टीत. "उजवीकडं नको. ताडाखाली बसते ती. पाठ न फिरवता मागं ये."

ताडाचं एक पान हललं. त्याखालून लांब फुत्कार आला, पाण्यात तापलेली कढई बुडवावी तसा. युलाला आधी दात दिसले, मग बाकीची मगर. ती उलटी चालत आली. चिखलानं एक बूट ओढून घेतला, तो तिनं सोडून दिला. नोएलीनं काखेत हात घालून तिला फळ्यांवर खेचलं. दोघी तिथंच बसल्या, धापा टाकत.

मगर त्यांच्या मागे आली नाही. ती ढिगावर चढली आणि पुढच्या पायांनी गवत उकरू लागली. पिवळ्या पट्ट्यांची वीतभर पिल्लं एकेक करून उघडी पडली. तिनं मान वाकवून त्यांना जबड्यात गोळा केलं आणि पाण्याकडे निघाली. दातांच्या फटीतून एक पिल्लू बाहेर डोकावत होतं. युलाच्या बोटानं आपलं काम केलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिनं पाहिलं. फोटो आला होता. अकरा वर्षं जो हवा होता, तोच.

शेजारी नोएलीचे दोन्ही हात खिशात होते.

"फोन काढ की," युला म्हणाली.

"घरी ठेवलाय."

"ती ताडाखाली बसते, हे तुला काय ठाऊक?"

नोएली पाण्याकडे बघत राहिली. "रविवारी सोळाव्या खांबाशी मी उभी असायचे ना. तू शनिवारी, मी रविवारी. तू लोकांना काय सांगायचीस? मी साप सांगायचे."

"गांधीलमाशा," युलाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं विचारलं, "कधी दिसलं तुला?"

"एकोणतीस जूनला."

"पण तू लिहिलंस की काही नाही."

"शनिवारी तू येणारच होतीस. म्हटलं, हे तरी तुला आधी दिसू दे. बगळ्यापासून तू माझ्याशी धड बोललेली नाहीस." नोएलीनं कागद उलगडून बूदँचा तुकडा तोडला आणि तिच्यापुढे धरला. "मग शनिवारी तूही तेच लिहिलंस. म्हटलं, हिला एकटीलाच हवंय वाटतं. असू दे."

युलानं तुकडा घेतला नाही. कुणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. आठ आठवडे जे आपण कमावलं म्हणून उराशी धरलं, ते धाकटीनं पोराच्या हातावर खडीसाखर ठेवावी तसं ठेवलं होतं. सापळा याही वेळी तिनंच ओढला होता, भरलेला पाहिला होता, आणि गुपचूप परत पाण्यात सोडला होता. युलाला तिचा राग आला, आणि बगळ्यापेक्षा या गोष्टीचा हेवा जास्त वाटला. हे आपल्याला कधी जमलं नसतं.

"अगं, खा की. निवतंय."

"नको म्हटलं ना."

परत येताना एका पायात बूट, एका पायात चिखलाचा मोजा, अशी युला फटक फटक करत चालत होती. नोएली दोनदा हसू दाबताना दिसली.

फाटकाशी नोएली गाडीत जाऊन बसली. युलानं पेटी उघडली आणि वहीत आजची तारीख घातली. 'सतराव्या खांबामागे घरटं. पिल्लं निघताहेत. दोर बांधावा.' मग ती पानं उलटत मागे गेली आणि स्वतःची 'काही नाही' एकेक करून खोडली. प्रत्येकाशेजारी लिहिलं, 'होतं. मी लपवलं.' क्लोव्हिस हे वाचेल, सगळा गाव वाचेल. फोटो फलकावर लागो न लागो, वहीत खोटं लिहिणारी म्हणून आता तिचंच नाव निघणार होतं. खोडताना तिचा हात थांबला नाही.

थांबला तो एकोणतीस जूनवर. ती ओळ तशीच राहिली, तर घरटं सगळ्यांत आधी युलाला दिसलं, असंच कायमचं राहणार होतं. नऊ रविवार तिथून गेलेली नोएली आंधळी ठरणार होती. आणि नोएलीला त्याचं काही वाटलं नसतं.

गाडीचा भोंगा वाजला. "अगं, कादंबरी लिहितेस की काय? भूक लागलीय मला!"

"आले!"

युलानं पेन्सिल पुन्हा जिभेला लावली आणि बहिणीच्या ओळीखाली, नियम लिहिला होता त्याच सावकाश अक्षरात लिहिलं, 'हिला आधी दिसलं होतं. युला.'

वही आत ठेवून तिनं झाकण लावलं आणि वर्षभरात पहिल्यांदा मान वर करून फलकाकडे नीट पाहिलं. रंग उडाला होता, तरी बगळा अजून एका पायावर उभा होता. फोटो चांगला होता. जरासा तिरका आला होता, हे मात्र तिला आजही दिसलं.