जेवताना लावायचा आवाज

माझ्या धाकट्या भावाला जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळतं. नळ गळत असला तर तो प्लंबरला शिकवतो, ताप आला तर डॉक्टरला. घरात आम्ही त्याला साहेब म्हणतो, आणि त्यातली चेष्टा त्याला आजवर कळलेली नाही. या साहेबांनी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर स्पीकर आणि दिवे भाड्याने द्यायचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला आनंदच झाला. मग एकदा जेवताना त्याने जाहीर केलं, की फीत बाबा कापतील, आणि ती कापली की लगेच दारात फटाक्यांची लांबलचक माळ लागेल. शिवाय वर आकाशात आतषबाजी.

मी टेबलाखाली पाहिलं. गुंड्या माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता.

कुत्र्याचं नाव गुंड्या, पण कुणी छत्री उघडली तरी हा पलंगाखाली. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत कुणीतरी मॅच जिंकल्याबद्दल बाँब लावले, तेव्हा तो पट्ट्यातून मान सोडवून पळाला. आम्ही दोन दिवस हाका मारत रस्ते पालथे घातले. सापडला तो एका गॅरेजमध्ये, बंद पडलेल्या ट्रकखाली. पुढच्या पायांची नखं तुटली होती आणि बाबांचा आवाज ओळखूनही तो बाहेर यायला तयार नव्हता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, की पुन्हा असा पळाला तर जिवंत सापडेल याची खात्री नाही.

"फटाके नको रे," मी म्हटलं.

"उद्घाटन आहे ताई, शोकसभा नाही. लोकांना कळायला नको?"

"तुझ्याकडे भिंती हलवणारे स्पीकर आहेत. गाणी लाव."

"त्यात मजा नाही." आणि त्याने वाटी पुढे केली, म्हणजे विषय संपला.

मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं, की उद्घाटनाला अजून अवकाश आहे तर सवय करून बघा, पण घाई केलीत तर होतं ते बरं होतं म्हणायची वेळ येईल. फटाक्यांचा आवाज मोबाईलवर घ्यायचा. तो इतका हळू लावायचा, की कुत्र्याचा कान हलेल पण मान वर होणार नाही. आवाज सुरू झाला की लगेच जेवण पुढे ठेवायचं. खाता खाता तो थांबला तर चूक आपली, असं समजून मागे यायचं. न थांबता खाल्लं, तरच दुसऱ्या दिवशी आवाज एक घर वाढवायचा. शिवाय आमच्या कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे गाद्या टाकून, जुना पंखा घरघरत ठेवून त्याला लपायला हक्काची जागा करायची. आणि त्या दिवशी द्यायची गोळी त्यांनी वेगळी लिहून दिली.

संध्याकाळचं जेवण माझ्याकडे, दुपारचं बाबांकडे. बाबांनी जन्मभर बस चालवली. घाईत असलेल्या माणसांचा त्यांना मुळातच तिटकारा, त्यामुळे हे काम त्यांच्या स्वभावाला अगदी मानवलं. भात आणि उकडलेलं चिकन कालवून ते स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसायचे, मोबाईल कणकेच्या डब्यावर ठेवायचे आणि आवाज लावून गुंड्याला म्हणायचे, "हा आवाज आला ना, की जेवण येतं. दुसरं काही येत नाही. मी सांगतो ना तुला."

पहिल्या आठवड्यात तो आवाज आम्हालाच ऐकू येत नव्हता. साहेब येता जाता हसायचे. "डास फुटतायत का गं?" म्हणायचे. हसू दे म्हटलं. हळूहळू आवाज वाढला. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला ऐकू यायला लागला आणि गुंड्या मात्र ताटली चाटूनपुसून, ती नाकाने ढकलत बाबांच्या पायाशी आणायला लागला. एकदा पाटा पाडावा तसा मोठा धडाका झाला रेकॉर्डिंगमध्ये. गुंड्याने एक कान उचलला, बाबांकडे पाहिलं आणि परत खायला लागला. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांचाच नातू पहिला आलाय.

उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. माझी नोकरी दातांच्या दवाखान्यात. डॉक्टर तोंडात काम करतात, मी एका हाताने थुंकी ओढायची नळी धरते आणि दुसऱ्या हाताने बहुतेक वेळा पेशंटचा हात. चांगली दांडगी माणसं खुर्चीत लहान होतात. आमचे डॉक्टर कुणाला भित्रा म्हणत नाहीत. बधिर करतात, थांबतात, विचारतात, मगच यंत्र सुरू करतात. त्या दिवशी दुपारी चहाला बसले आणि मोबाईल उघडला, तर घरच्या ग्रुपवर साहेबांनी व्हिडिओ टाकलेला. वर लिहिलं होतं, "गुंड्याचं क्रॅश ट्रेनिंग."

आमचं स्वयंपाकघर. जमिनीवर तीच ताटली, तोच भात, गुंड्या शेपूट हलवत खातोय. आणि ओट्याजवळ दुकानातला नवाकोरा, कमरेएवढा स्पीकर. मग साहेबांचा आवाज, "एकदाच मोठा डोस, म्हणजे कटकट मिटली." आणि मग तो आवाज. माझ्या मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवरही तो फाटत होता. गुंड्या उडाला, ताटली उलटली, भात भिंतीवर. तो दारावर आदळला, दार बंद होतं. परत आदळला. मग वॉशिंग मशीनच्या मागे जिथे झाडू जात नाही तिथे घुसला. आणि कॅमेरा हलत होता, कारण धरणारा हसत होता.

खाली आत्याने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकले होते. मामाने लिहिलं होतं, "वाघ आहे वाघ."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या चहाच्या कपाशी कळलं. मी डॉक्टरांना सांगून तशीच निघाले. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होते, आणि सिग्नलला बहुतेक मोठ्याने, कारण शेजारचा स्कूटरवाला वळून बघायला लागला.

घरी पोचले तर बाबा मशीनसमोर जमिनीवर आडवे झाले होते. ते केस कापायला गेले होते. जाताना त्यांनी साहेबांना एवढंच सांगितलं होतं, की ताटली ठेव आणि डब्यावरचा मोबाईल सुरू कर, बाकी कशाला हात लावू नकोस. मानेवर कापलेले केस तसेच चिकटलेले, हात मशीनमागे घातलेला. "ये रे," म्हणत होते. आतून फक्त दात वाजल्याचा आवाज येत होता.

साहेब दारात उभे. "अगं, मी मदतच करत होतो. तुमचं असं एक एक घर वाढवत तो म्हातारा झाला असता."

"मागच्या महिन्यात दाढ काढायला आलास तेव्हा नुसती सुई बघून घेरी आली तुला," मी म्हटलं. "तेव्हा तुला धरून ठेवून पक्कड घातली असती आणि व्हिडिओ काढला असता, तर? आत्याला पाठवला असता, तर?"

"माणसाची गोष्ट वेगळी."

"हो, वेगळी आहे. माणसाला ओरडून नाही म्हणता येतं."

"एका कुत्र्यासाठी तू मला..."

"कुत्र्यासाठीच! आणि तो व्हिडिओ आधी काढून टाक."

त्याने काढला. पण तोंड असं केलं, जणू अन्याय त्याच्यावरच झालाय. सगळ्यात जास्त चीड मला त्याची आली. जनावराची आठवड्यांची कमाई एका मिनिटात मातीत घालायची, आणि वर आपणच दुखावल्यासारखं बसायचं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, पहिल्यापासून सुरुवात करा. ताटली बदला, जागा बदला. आणि ज्याने तो आवाज लावला, त्याने काही दिवस कुत्र्याच्या समोर येऊ नये. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते उसळले. "मी? त्याला या घरात आणला कुणी? मी आणला! स्वेटरमध्ये गुंडाळून!" ते खरं होतं. म्हणून तर मला जास्त संताप आला. शेवटी ते रागारागाने अंथरूण घेऊन खाली दुकानात झोपायला गेले.

गुंड्याने त्या रात्री खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नवी ताटली पुढे केली तरी तिच्याकडे बघून तो मागे सरकायचा. पाणी प्यायचा, तेही बाबांच्या ओंजळीतून. त्याला भाताचीच भीती बसली होती. जो वास आला की शेपूट हलायची, तोच वास आला की आता तो थरथरायला लागायचा.

तिसऱ्या दिवशी साहेब फीत कापायची कात्री दाखवायला वर आले. दारातूनच, कारण मी आत येऊ दिलं नाही. बाबा कोठीच्या खोलीतून बाहेर आले.

"मी फीत कापणार नाही," ते म्हणाले.

"बाबा, पाहुण्यांना सांगून झालंय. एका कुत्र्यापायी?"

"मी त्याला शब्द दिला होता, की हा आवाज आला की जेवण येतं, दुसरं काही येत नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लं. तू मला खोटं पाडलंस." बाबांचा आवाज चढला नव्हता. "आता फटाके लाव, नाहीतर नको लावू. मी खाली येणार नाही."

साहेब कात्री घेऊन निघून गेले. मला वाटलं, हा हट्टाला पेटून दुप्पट लावणार. आम्ही तयारी ठेवली. कोठीच्या दाराच्या फटीत चादरी कोंबल्या, गोळी काढून ठेवली. पण उद्घाटनाच्या सकाळी खालून फटाकेवाल्याचा टेम्पो भरलेला आला तसा भरलेलाच परत गेला, हे मी गॅलरीतून पाहिलं. फीत शेजारच्या औषधाच्या दुकानदाराने कापली. टाळ्या झाल्या. बाकी काही झालं नाही.

दुपारी मी कोठीच्या दाराशी बसले होते. आत बाबा गादीवर, पंखा घरघरत होता. त्यांनी चिकनचा नखाएवढा तुकडा तळहातावर ठेवला होता आणि हात जमिनीवर टेकवून ते दुसरीकडेच बघत होते. गुंड्याने बराच वेळ घेतला. मग मान लांब करून तो तुकडा उचलला. चार दिवसांत पहिला घास. बाबांनी मान न वळवताच दुसरा ठेवला. तोही गेला. मला रडू यायला लागलं होतं.

आणि जिन्यात बुटांचा आवाज आला. नवे बूट, उद्घाटनासाठी घेतलेले, टाचा वाजणारे. तरी गुंड्याने ते पाऊल ओळखलं. तिसरा तुकडा त्याच्या तोंडातून खाली पडला. तो भिंतीला चिकटला, पोट जमिनीला टेकलं आणि त्याच्याखाली गादीवर ओला डाग पसरत गेला.

मी धावत जिन्यात गेले. साहेब वरच्या पायरीवर उभे होते, गळ्यात हार, हातात कुत्र्यांच्या बिस्किटांचं मोठं खोकं. इतके प्रसन्न, की आता आपले आभार मानले जाणार अशी खात्रीच.

"मागे जा," मी म्हटलं.

"अगं, फटाके रद्द केले मी. त्याच्यासाठी. खाल्लं का त्याने?"

"खात होता. तू येईपर्यंत."

त्याला आधी कळलं नाही. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. कोठीचं दार उघडं होतं. बाबा गादी पुसत होते, आणि त्यांच्या पाठीमागे गुंड्या भिंतीत शिरायला बघत होता.

"पण मी तर नुसता जिना चढलो," तो म्हणाला. "माझ्या पावलांना घाबरला? माझ्या?"

चार दिवस मी त्याला काय काय सुनवायचं ते घोकून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य लागलं नाही.

"हो," मी म्हटलं.

तो खाली बसला. बिस्किटांचं खोकं पायरीवर ठेवून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवर, कठड्याला धरून, आवाज न करता एक एक पायरी उतरायला लागला. मी त्याला थांब म्हटलं नाही.